उन्हाळ्यात वाहणारा नाला

वाशीम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी नगरपरिषदेत कारकून होतो. नोकरीची शेवटची वर्षं आरोग्य विभागात गेली. आरोग्य म्हटलं की लोकांना दवाखाना आठवतो. आमच्या विभागात गोळ्या-इंजेक्शनं नव्हती. तुंबलेल्या नाल्या, रस्त्यात मेलेली कुत्री, सार्वजनिक संडासांच्या तुटलेल्या कड्या आणि याबद्दल लोकांनी केलेले अर्ज, एवढंच आमचं आरोग्य.

माझे आजोबा आसेगावच्या बाजूच्या एका खेड्यात राहत. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर त्यांनी मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं ते सोडलंच. गावानं मजुरी बंद केली, घरात उपास पडले, पण दोर पुन्हा हातात धरला नाही. हे सगळं वडिलांनी लहानपणी पाहिलेलं. म्हणून मला नगरपरिषदेची ऑर्डर आली तेव्हा पेढे वाटायच्या आधी त्यांनी विचारलं, "हातात झाडू तं नाई ना देनार?"

"नाई बाबा, पेन देनार हायेत," मी म्हणालो.

पुढे कर विभाग, जन्म-मृत्यू नोंद असं करत मी आरोग्य विभागात आलो तेव्हा वडील नव्हते. बरंच झालं. बाकीच्या टेबलांवरची माणसं दर दोन-तीन वर्षांनी बदलत. या टेबलावरचा माणूस बदलत नसे. माझ्याआधी तिथे बसणारा आमच्याच समाजातला होता, त्याच्या आधीचाही. यावर ऑफिसात कधी कोणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती. नालीचा कागद आला की शिपाई न विचारता माझ्या टेबलावर आणून टाकायचा.

नियम सोपा होता. गावात जमिनीखालची गटारं नव्हती. रस्त्याच्या कडेची नाली फक्त पावसाच्या पाण्यासाठी. संडासाचं पाणी तिच्यात सोडायचं नाही. ज्यानं त्यानं घराशी पक्की टाकी बांधायची, टाकीतून निघणारं पाणी शोषखड्ड्यात मुरवायचं आणि टाकी भरली की नगरपरिषदेची गाडी बोलावून उपसून घ्यायची. नालीत पाइप सोडला तर आधी नोटीस, मग दंड, मग पाइप बंद. हा नियम आम्ही गावातल्या भिंतींवर निळ्या रंगात लिहून घेतला होता. एका भिंतीवर तर ज्या ओळीत संडासाचं पाणी नालीत सोडू नये असं लिहिलं होतं, तिच्या बरोबर खालीच पाइप बाहेर आलेला होता. पेंटरनं अक्षरं जरा वर सरकवून जागा करून घेतली होती.

एका मार्च महिन्यात मावशी ऑफिसात आल्या. आठवडी बाजारात सगळे त्यांना मावशीच म्हणत. गाव संपतं तिथे, नाल्याच्या वळणावर त्यांचा मळा होता. पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, हिवाळ्यात वांगी. आमच्या घरी कित्येक वर्षं त्यांचीच पालेभाजी येत होती. पंचावन्न-साठीच्या असतील. काटक बाई, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहायची सवय. त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली. पाणी मळकट हिरवं होतं. झाकण उघडलं तसा शेजारच्या टेबलावरचा बाबू नाकाला रुमाल लावून म्हणाला, "बाई, ते बाहेर ठेवा, वरांड्यात."

"माह्या विहिरीचं हाये," मावशी म्हणाल्या. "तुमाले घडीभर नाई सोसत. मी दिवसभर त्यातच हावो."

आदल्या पावसाळ्यात नाला फुगून मळ्यात शिरला होता. पाणी ओसरलं, पण तेव्हापासून विहिरीला वास धरला तो गेला नाही. नातीकडून त्यांनी अर्ज लिहून आणला होता. वहीचा रेघांचा कागद, सुबक अक्षर. गावातल्या संडासांचं पाणी नाल्यात येतं, ते बंद करावं आणि माझी विहीर उपसून द्यावी, एवढीच मागणी. मी अर्जावर शिक्का मारून पोच दिली. ती त्यांनी घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली.

"पाहायले येसान ना बाबू? का हे बी फायलीत जाईन?"

"येतो," मी म्हणालो. आणि का कोण जाणे, त्या वेळी खरंच जायचं ठरवलं.

आमचा सफाईचा मुकादम सोबत आला. निवृत्तीला आलेला माणूस. त्याच्या घरात तीन पिढ्यांपासून हेच काम. स्टोअरच्या रजिस्टरमध्ये त्याच्या नावावर गमबूट आणि हातमोजे चढवलेले होते, पण ते कपाटात कुलपात असत. तपासणीला कोणी आलं तर काढून दाखवायला. तो प्लास्टिकच्या चपला घालून नाल्यात उतरला.

"नाला पाह्यचा तं उन्हाळ्यातच, साहेब," तो म्हणाला. "पावसाळ्यात सगळेच इमानदार दिसतात."

हे मला तोवर सुचलं नव्हतं. पावसाचं पाणी वाहून न्यायचा नाला मार्चमध्ये कोरडा ठणठणीत असायला हवा. तो वाहत होता. म्हणजे त्यात जे काही वाहत होतं, ते सगळं नियमाबाहेरचं होतं. आम्ही बसस्टँडपासून सुरुवात केली आणि चार दिवस सकाळी चालत राहिलो. मी काठाकाठानं वहीत लिहायचो, मुकादम खालून सांगायचा. हा पाइप अमक्या डॉक्टरच्या घराचा. हा मंगल कार्यालयाचा. हा शाळेचा. तो पाइप बघून घर ओळखायचा. कोणाच्या घरी पाहुणे आहेत हेसुद्धा सांगायचा आणि हसायचा.

दुसऱ्या दिवशी नगरपरिषदेनंच बांधलेल्या व्यापारी संकुलाच्या मागे आलो. संकुलातले आणि शेजारचे सार्वजनिक संडास नवेच होते, उद्घाटनाची फरशी अजून चकचकीत. मागच्या बाजूनं बैलगाडीच्या चाकाएवढा सिमेंटचा पाइप थेट नाल्यात सोडलेला होता. सगळ्या गावातला सगळ्यात मोठा पाइप आमचा होता. आराखड्यात तिथे टाकी दाखवली होती. मुकादमानं लोखंडी सब्बल घेऊन वरच्या काँक्रीटवर दोन-तीन जागी ठोकलं.

"पोकळ वाजत नाई, साहेब. खाली माती हाये. टाकी कागदावरच बांधली यायनं."

मी तेही लिहिलं. जागा, पाइपाची रुंदी, सब्बल मारून पाहिल्याचं, सगळं. लिहिताना आतून बरं वाटलं. आपण काहीतरी करतो आहोत असं नोकरीत फार कमी वेळा वाटलं होतं.

चौथ्या दिवशी आम्ही आमच्या कॉलनीच्या मागच्या अंगाला पोचलो. मी त्या बाजूनं कधी गेलो नव्हतो. घराच्या मागची भिंत तिकडून कशी दिसते हेसुद्धा मला माहीत नव्हतं. एक करडा पाइप खाली उतरला होता आणि त्याच्या कोपराला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती. ती पट्टी मीच बांधली होती, गच्चीवरून वाकून, दोन वर्षांपूर्वी गळती लागली तेव्हा. घर बांधताना मिस्त्री म्हणाला होता, शोषखड्ड्याला कायले जागा घालवता, सारे असंच करतात. मी बरं म्हणालो होतो. नंतर तो पाइप कुठे जातो याचा विचार करायची वेळच आली नाही. म्हणजे मी ती येऊ दिली नाही.

मुकादम खाली उभा होता. त्यानं पाइपकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हा लिहायचा का, साहेब?" त्यानं विचारलं.

मी वही मिटली. "ऊन झालं," मी म्हणालो. "आता बस करू."

त्यानं वर येऊन चपला धुतल्या आणि माझ्या मागं चालू लागला. नेहमी तो चालताना बोलायचा.

अहवाल मुख्याधिकाऱ्यांकडे दिला. ते नवीन होते, वयानं माझ्या मुलाएवढे, बोलायला सभ्य. खुर्ची देऊन बसवलं आणि माझ्यासमोर पानन्‌पान वाचलं.

"पहिल्यांदाच कोणीतरी पायी फिरून लिहिलेलं वाचतोय," ते म्हणाले. मी सुखावलो. मग ते संकुलाच्या पानावर थांबले. "हे पान वेगळं ठेवा. ही तांत्रिक बाब आहे. अभियंत्यांचा अभिप्राय घेऊ."

अभिप्राय आठवड्याभरात आला. टाकी मंजूर आराखड्याप्रमाणे अस्तित्वात आहे, एवढंच एक वाक्य. पुढच्या महिन्यात स्वच्छतेची तपासणी करायला वरून पथक यायचं होतं. पाइपाच्या तोंडावर हिरवी जाळी बांधली आणि पुढे कुंड्या ठेवल्या.

नोटिसा मात्र निघाल्या. मीच काढल्या. डॉक्टरांचा फोन आला, मंगल कार्यालयवाल्यांचा आला, शाळेच्या संस्थेचे लोक येऊन चहा पिऊन गेले. त्यांच्या नोटिसा जावक रजिस्टरात चढल्या, पण टपालात पडल्या नाहीत. ज्या पोचल्या त्या नाल्याकाठच्या वस्तीत. एका खोलीची घरं, दारापुढे चूल, मागं नाला. एका बाईनं माझ्यासमोर सगळं घर दाखवलं. दाखवायला वेळ लागला नाही. "खड्डा कुठी खांदू, सांगा," ती म्हणाली. "चुलीखाली खांदू का?" तिच्या संडासाच्या पाइपात सिमेंट भरलं गेलं आणि तिच्या घरची माणसं पुन्हा डबा घेऊन बाहेर जाऊ लागली. त्याबद्दलही एक नियम होता, त्याचा दंड वेगळा.

मावशींच्या विहिरीचं पाणी आम्ही तपासणीला पाठवलं होतं. त्याचा निकाल आला. पाणी पिण्यास आणि पालेभाजीस अयोग्य. मला वाटलं, आता तरी विहीर उपसून द्यावी लागेल. मी कागद घेऊन साहेबांकडे गेलो. त्यांनी तो वाचला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"या पाण्यावर पालक होतो? आणि तो आपल्या बाजारात विकला जातो?"

"हो सर."

"उद्या कोणी आजारी पडलं तर आपल्यावर येईल. आजच विक्रीबंदीची नोटीस काढा."

"सर, पाणी तिनं नाही बिघडवलं," मी म्हणालो. "तक्रारच तिची आहे."

"मला माहीत आहे," ते शांतपणे म्हणाले. त्यांना वाईटही वाटत असावं. "पण भाजी समोर दिसते आहे. पाणी कोणाचं, हे सिद्ध करत बसावं लागेल. मसुदा तुम्हीच करा. आणि नेऊनही तुम्हीच द्या, तुमची ओळख आहे."

मी 'हो सर' म्हणालो. नाही म्हणालो असतो तर काय झालं असतं, याचा हिशेब मी निवृत्तीनंतर पुष्कळ वेळा केला. काहीच झालं नसतं. नोटीस दुसऱ्या कोणी लिहिली असती. पण ती माझ्या अक्षरात नसती.

मळ्यात गेलो तेव्हा मावशी पालकाच्या जुड्या बांधत होत्या. शेजारच्या शेतातल्या बोअरचं पाणी डोक्यावरून आणून त्यात जुड्या धुवून काढत होत्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मला पाहून त्या हसल्या.

"आले का बाबू? कवा उपसता मंग विहीर?"

मी कागद पुढे केला. चष्मा नव्हता म्हणून त्यांनी मलाच वाचायला सांगितलं. मी वाचला. सरकारी भाषेत वाचला, मग साध्या भाषेत सांगितला. विहिरीचं पाणी शुद्ध झाल्याचा दाखला मिळेपर्यंत पालेभाजी बाजारात आणायची नाही. आणली तर माल जप्त.

त्या जुडी बांधायच्या थांबल्या नाहीत. हातातली पुरी बांधली, बाजूला ठेवली.

"अर्ज म्या केला होता ना?"

"हो."

"मंग नोटीस मलेच काहून?"

मी पाणी, आरोग्य, नियम असं काहीतरी बोललो. मला ते आता आठवत नाही, आणि आठवावं असं त्यात काही नव्हतं.

"अन् ज्यायचं पानी येते त्यायले?"

"त्यांनाही काढल्या आहेत."

"डाक्टरले देल्ली?"

मी पोचेचा कागद काढू लागलो. त्यांना कळलं. मग त्यांनी नेहमीसारखं थेट डोळ्यांत पाहून विचारलं, "तुमचं घर तं कॉलनीत हाये ना, बाबू. तुमच्या घरचं पानी कुठी जाते?"

"खड्ड्यात," मी म्हणालो.

इतकं चटकन म्हणालो की मलाच नवल वाटलं. त्यांनी मान हलवली. विश्वास ठेवला की नाही, ते कळलं नाही. पोच म्हणून अंगठा द्यायची वेळ आली तेव्हा म्हणाल्या, "मले सही येते." आणि हात पदराला पुसून, सावकाश, पूर्ण नाव लिहिलं.

त्यानंतर काही दिवस मावशी पहाटेच्या एसटीनं पाट्या घेऊन रिसोडला जात. तिथल्या बाजारात त्यांना कोणी ओळखत नव्हतं. कंडक्टर पाट्यांच्या पाण्यावरून कटकट करायचा, भाजी उन्हानं मरगळायची. पुढे दोन हंगामांत त्यांनी पालेभाजी सोडून दिली आणि सोयाबीन पेरलं. मळा म्हणण्यासारखं काही उरलं नाही. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वाफे बांधले गेले, त्या घरातल्या मुलानं जमीन प्लॉटिंगला दिली. मावशींनी विरोध केला असं ऐकलं, पण जमीन दिराच्या आणि मुलाच्या नावावर होती.

लेआउटचा नकाशा आमच्याकडेही आला, सांडपाण्याच्या ना-हरकतीसाठी. प्रत्येक प्लॉटवर एक चौकोन आणि एक छोटं वर्तुळ काढलेलं. चौकोन म्हणजे टाकी, वर्तुळ म्हणजे शोषखड्डा. इंजिनिअरनं पट्टी लावून फार सुंदर काढले होते. मावशींची विहीर होती तिथे प्लॉट क्रमांक टाकला होता. मी 'तपासले' असा शिक्का मारला. वर्षभरात घरं उभी राहिली आणि त्यांचे पाइप नाल्यात उतरले. नाल्याच्या काठालाच घर असल्यामुळे पाइप फार लांब न्यावे लागले नाहीत.

तपासणीत आमच्या गावाला चांगला शेरा मिळाला. प्रमाणपत्र मुख्याधिकाऱ्यांच्या खुर्चीमागे लागलं. ते साहेब बदलून गेले, प्रमाणपत्र राहिलं. मुकादम निवृत्त झाला तेव्हा त्याला शाल आणि नारळ दिला. त्याच्या पायांची कातडी तोवर सोलपटून निघाली होती, समारंभात तो खुर्चीखाली पाय लपवून बसला होता. मी भाषण केलं. त्यात इमानदारी हा शब्द दोनदा आला. निघताना तो माझ्याजवळ येऊन थांबला. मला वाटलं, त्या पाइपाबद्दल काहीतरी बोलेल. "येतो साहेब," एवढंच म्हणाला.

माझ्या निवृत्तीला वर्ष उरलं तेव्हा मी घरी शोषखड्डा खोदायला घेतला. अंगणातलं लिंबाचं झाड त्यासाठी काढावं लागलं. बायको म्हणाली, इतकी वर्षं नाही सुचलं, आता काहून? मी तिला कारण सांगितलं नाही. मिस्त्री तोच, जुना. त्यानं विचारलं, "नोटीस आली का काय तुमाले?" मी 'हो' म्हणालो. त्याला खरं वाटलं नाही, पण त्यानं काम चांगलं केलं. मागचा पाइप काढून टाकला. नाल्यात काही फरक पडला नाही. एका घराचं पाणी कमी झालेलं नाल्याला कळत नाही.

मावशी आता बाजारात लसूण आणि वाळलेली मिरची घेऊन बसतात. ठोक बाजारातून आणतात, ढीग लावून विकतात. कित्येक वर्षं मी त्या रांगेनं जायचं टाळलं. बायकोला पाठवायचो. निवृत्तीनंतरच्या पहिल्या बाजाराला मी मुद्दाम त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. पाव किलो लसूण मागितला. त्यांनी ओळखलं, पण तसं दाखवलं नाही.

"मावशी," मी म्हणालो, "त्या दिवशी मी खोटं बोललो होतो. आमचं पाणी नाल्यातच जात होतं. आता बंद केलं, खड्डा केला."

त्यांनी तराजूत आणखी दोन गड्डे टाकले, काटा पाहिला, एक गड्डा काढून घेतला.

"मले तवाच समजलं होतं," त्या म्हणाल्या. "बरं केलं."

मी उभाच राहिलो. आणखी काहीतरी व्हावं असं मला वाटत होतं. त्यांनी शिव्या द्याव्यात, किंवा माफ केलं म्हणावं. मागून एक बाई मिरचीचा भाव विचारत पुढे झाली, तसं मावशींनी मला हातानं बाजूला व्हायची खूण केली.

"सरका बाबू. गिऱ्हाईक हाये."